हात पुढे केला की पाणी

१० मार्च २०२४, रविवार
स्वयंपाकघरातला जुना पितळी नळ काढून सेन्सरचा नळ बसवला. हात पुढे केला की पाणी, मागे घेतला की बंद. कुठे हात लावायचा नाही, काही फिरवायचं नाही. अंबिकाचं उजवं मनगट गेलं वर्षभर दुखतंय. डॉक्टर म्हणाले, पीळ देऊ नका. यावर बाकी कुणी काही करत नव्हतं. मी विचार केला आणि हा उपाय काढला. बायकोच्या दुखण्यावर फिजिक्स वापरणारा नवरा आमच्या ज्युनिअर कॉलेजात तरी दुसरा नसेल.
अंबिका म्हणाली, “नळ फिरवून नाय दुखत हो. बादल्या उचलून दुखतंय.”
मुद्दा नोंदवून ठेवतो. पण तो नळाशी संबंधित नाही.
आज पाण्याचा दिवस नसल्यामुळे प्रात्यक्षिक झालं नाही. हात पुढे केला की लाल दिवा मात्र लागतो. तिला तीनदा दाखवला.

१४ मार्च, गुरुवार
पाणी येऊन गेलं. आम्हाला कळलं नाही.
कारण तांत्रिक आहे. आठवड्यातून एकदा पाणी येतं, दिवसाचा अंदाज असतो, पण किती वाजता येईल ते सांगता येत नाही. म्हणून हर्सूलच्या आमच्या सगळ्या कॉलनीत पाण्याच्या दिवशी नळ उघडा सोडतात आणि खाली रिकामा हंडा ठेवतात. पाणी आलं की हंडा वाजतो. हंडा वाजला की अंबिका असेल तिथून उठते आणि “अहो, पाणी आलं!” म्हणते. मी “हं” म्हणतो. मग ती पिंप, बादल्या, कळशा भरते. ही पद्धत लग्नापासून सुरळीत चालली होती.
नवा नळ उघडा सोडता येत नाही. समोर हात नसेल तर तो बंदच. हंडा खाली नुसता बसून राहिला.
शेजारच्या भामाबाई दारात येऊन म्हणाल्या, “सर, सुतक पाळताय काय? आख्ख्या गल्लीत हंडे वाजले, तुमच्याच घरात चिडीचूप!”
मी ताबडतोब मॅन्युअल काढून बसलो. अंबिका भामाबाईंकडून पाणी आणत होती. किती खेपा केल्या ते मोजलं नाही. मी वॉल्व्हच्या प्रकरणावर होतो.

१७ मार्च, रविवार
अंबिका थोडे दिवस बजाजनगरला भावाकडे, सोमनाथकडे, गेली. नळ दुरुस्त होईपर्यंत तेच सोयीचं. बॅग मोठी होती, पण आता सगळीकडे मोठ्याच बॅगा मिळतात. सोमनाथ तिच्यासाठी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरचं काम बघतोय म्हणे. वेळ जायला बरं.
जाताना म्हणाली, “डाळ डब्यात आहे. पाण्याचं तुमचं तुम्ही बघा.”
रात्री झोप येईना. स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, माझं काही चुकलं का? उत्तर टाळलं नाही. होय, चुकलं. नळ बसवण्याआधी लाइनचा दाब तपासायला हवा होता.

२२ मार्च, शुक्रवार
युक्ती सापडली. सेन्सरसमोर स्टीलचं ताट उभं करायचं. नळाला वाटतं, हात आहे. म्हणजे वॉल्व्ह उघडा, म्हणजे पाणी आलं की हंडा वाजणार.
दुपारी अंबिकाला फोन करून सांगितलं. ती “बरं” म्हणाली. आवाजात आनंद होता किंवा मागे बस होती.

२३ मार्च, शनिवार
एक मिनिट सलग हात दिसला तर पाणी वाया जाऊ नये म्हणून नळ आपोआप बंद होतो. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलंय. पाणी काल संध्याकाळी येऊन गेलं. ताट रात्रभर उभंच होतं.
भामाबाईंकडे स्वतः गेलो. दोन बादल्या मागितल्या. त्या म्हणाल्या, “घ्या की सर, पण उचलायच्या तुम्हीच. माझी कंबर धरलीय.” अंगणभर सांडत आणल्या. तळहातावर कडीचा वळ उठला.

२६ मार्च, मंगळवार
प्लंबर कडुबा आला. सिंकखालचा नळाच्या सेलचा डबा उघडून बराच वेळ बघत राहिला. मग चारही सेल काढले, पँटला पुसले, परत घातले. म्हणाला, “सर, टेन्शन नका घेऊ. ह्याला डोळा हाय, कान नाय. पाणी आल्यालं ह्याला ऐकूच येत नाय.” हे त्याचं निदान. मग नळाच्या तोंडाची जाळी काढायला गेला आणि वॉशर हरवला. घरभर दोघांनी शोधला. त्याच्याच खिशात निघाला.
जाळीत पाइपातली रेती आणि पांढरा थर होता. तो मी लिंबानं घासून काढला. सेन्सरची काचही पुसली. आता दिवा खूप स्वच्छ लागतो.

३१ मार्च, रविवार
लेकीचा, सायलीचा, पुण्याच्या होस्टेलमधून फोन. विचारलं, “बाबा, आईशी बोललात का?” म्हटलं, रोज बोलतो. परवा जाळीचं सांगितलं, काल सेल बदलल्याचं.
 मग म्हणाली, “बाबा, मी नळाचं नाही विचारलं.”
परीक्षेचा ताण दिसतोय.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा
अंबिका आज येईल असा माझा अंदाज होता. गुढी उभारली. गाठी आणायला विसरलो. गुढीवरचा तांब्या जरा तिरका राहिला. सरळ करायला दुसरं माणूस खाली उभं राहून सांगावं लागतं.
सोमनाथला फोन केला. म्हणाला, “दाजी, एक बोलू का? राग नका मानू. ताईला तुम्ही फोन करता तेव्हा नळाशिवाय दुसरं काही बोलतच नाही. ती फोन स्पीकरवर ठेवून भाकरी थापती.”
म्हणजे ती पूर्ण ऐकते. चांगलं लक्षण आहे.

१४ एप्रिल, रविवार
अंबिका आली!
सकाळी आली. रस्ता नव्या पाइपलाइनसाठी खोदलाय म्हणून कोपऱ्यावर रिक्षा थांबवून चालत आली. मी तिला आधी स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, हात पुढे कर. तिनं केला. लाइनला पाणी नव्हतं, पण दिवा पहिल्या झटक्यात लागला. म्हटलं, बघ, नळानं तुला ओळखलं.
ती हसली. फार दिवसांनी. मग तशीच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. धूळ फार आहे सध्या.
चहा केला. माझ्या हातचा. तिनं पूर्ण प्यायला. मग म्हणाली, “काम लागलंय मला. बजाजनगरातच खोली घेतलीय. हंडा नेते, मला लागंल.”
मी म्हणालो, अगं पण पाण्याच्या दिवशी इथे नळाखाली काय ठेवू?
ती म्हणाली, “तुमचा नळ कुठं वाजतो?”
 
हंडा मीच रिक्षापर्यंत नेला. उकरलेल्या मातीवरून तोल सांभाळत. रिकामा हंडाही एवढा जड असतो हे माहीत नव्हतं.

१९ एप्रिल, शुक्रवार
पाण्याचा दिवस. रजा टाकली. सिंकसमोर स्टूल घेऊन बसलो आणि दर मिनिटाला हात पुढे केला. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, फक्त एक माणूस लागतो.
दुपारी भामाबाईंनी खिडकीतून बघितलं. “अय्या! सर, नळापुढं हात पसरून बसलात? काय मागताय त्याला?”
म्हटलं, पाणी. त्या खिडकीतून गेल्याच नाहीत, पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.
तीनच्या सुमाराला आलं! ओरडलो, “अंबिका, पाणी आलं!”
मग आठवलं.
बादली भरली. ती उचलायला दोन्ही हात लागतात. हात काढला की नळ बंद. पुन्हा हात, पुन्हा धार, पुन्हा बादली, पुन्हा बंद. धार करंगळीएवढी. पिंप अर्धंही भरलं नाही तेवढ्यात पाणी गेलं. हा नळ चालवायला घरात दोघं हवीत. एक हात धरायला, एक भरायला. मॅन्युअलमध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही.

२८ एप्रिल, रविवार
नळ काढला. बिघडलेला नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. सेल नवे आहेत, काच स्वच्छ आहे, हात पुढे केला की दिवा लागतो. खोक्यात नीट ठेवला.
जुना पितळी नळ भंगारात गेला असेल असं धरून चाललो होतो. डाळीच्या डब्यामागे सापडला. अंबिकानं फडक्यात गुंडाळून ठेवला होता. टाकला नव्हता. याचा अर्थ काय घ्यायचा, यावर संध्याकाळभर विचार केला. तीन अर्थ निघाले. तिन्ही माझ्या बाजूचे. म्हणून एकावरही विश्वास बसला नाही.

३ मे, शुक्रवार
नळ उघडा सोडला. खाली स्टीलचं पातेलं ठेवलं. पेपर तपासत बसलो, पण कान तिकडे.
दुपारी पातेलं वाजलं. हंड्यासारखं नाही, जरा पातळ आवाज. पण वाजलं. उठलो. पिंप भरलं, बादल्या भरल्या, कळशा, बाथरूममधला टब, शेवटी कुकरसुद्धा. नळ ते पिंप, पिंप ते बाथरूम. पाणी जाईपर्यंत बसलो नाही.
मग अंबिकाला फोन केला. म्हटलं, पाणी आलं होतं. सगळं भरलं. मी भरलं.
ती म्हणाली, “बरं झालं.” मग, “इथं रोज येतं.”
नळाचं काही बोललो नाही. बोलायला दुसरं काय असतं ते शोधत होतो. शेवटी विचारलं, मनगट कसं आहे?
 मग म्हणाली, “आता नाय दुखत.”
म्हटलं, छान. खरंच छान.
ड्यूटीची बस आली म्हणाली. फोन ठेवला.
माझं उजवं मनगट ठणकतंय. पेन धरवत नाही.