कोजो हो

देवास, ११ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास वल्लरीचा सा. न. वि. वि.

माझा फोन आणि स्कूटीची किल्ली बाबांनी काढून घेतलीय, म्हणून हे पत्र भवानीबाईंच्या हाती. पोळ्या आटोपून त्या लेकीकडे धारला निघाल्यात.

आमच्या शीतगृहातला अमोनियाचा अलार्म सारखा वाजतो, म्हणून मॅनेजरनं त्याची वायर काढायला लावली. सेन्सर मी तपासते. गळती खरी आहे. सोमवारी कामगार कलेक्टोरेटला ज्ञापन, म्हणजे तक्रारीचं निवेदन, द्यायला जाणार. रीडिंग समजावायला मी पुढे असावं, असं पॅकिंगमधली जया म्हणते. तिची रात्रपाळी तिथेच असते.

बाबा एवढंच म्हणाले, की कोजो होऊ नकोस. लहानपणी झाडावर चढले तरी हेच ऐकलं. मला तो बागुलबुवा वाटायचा. हा कोण? आणि बाबांना तू सांगशील का? ते फक्त तुझं ऐकतात.

तुझी वल्लरी

धार, १३ सप्टेंबर

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचतेय की मीटर, तेच कळेना.

कोजो माणूस होता, बये. ब्रह्मदेशच्या लढाईत तुझे पणजोबा गोपाळराव वायरलेसवर होते, तो आफ्रिकेतला हवालदार त्यांच्यासोबत. लढाई संपली, कबूल केलेली पेन्शन इंग्रजांनी दिली नाही. त्याच्या गावचे माजी सैनिक रिकाम्या हातांनी गव्हर्नरकडे निघाले. अर्ज कोजोकडे होता. पोलिसांनी गोळी घातली. लढाईतून वाचलेला माणूस अर्ज देताना गेला.

पुढे आम्ही पाया पडलो, की आजोबा ‘कोजो हो’ म्हणत. मेलेल्याचं नाव पोरांना काय देता, म्हणून आजी रागावली आणि तिनं ‘ऊ नकोस’ जोडलं. तुझा बाबा धाकटा. त्याच्या कानी तेवढंच आलं.

त्याच्याशी बोलले. सोमवारी माझा अंबरीश गाडी आणेल, तुला कलेक्टोरेटला सोडेल. पोटभर जेवून निघ.

तुझी सुमंगलाआत्या

धार, १६ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

अंबरीशभियानं कलेक्टोरेटपाशी गाडी थांबवलीच नाही, थेट इथे आणली. दारं आतून उघडत नव्हती. तुमचं दोघांचं आधीच ठरलं होतं, हे आत्यानं जेवायला वाढताना सांगितलं.

ज्ञापन जयानं दिलं, असं तिनं आत्याच्या फोनवर कळवलं. कुणी कुणाला हात लावला नाही. साहेबांनी गळती किती विचारलं, तिला सांगता येईना. भिया, इंजिनियर मॅडम किधर है, म्हणून कुणी हसलं. सेन्सर तपासणाऱ्यानं समक्ष यावं, असं सांगून कागद परत दिला. अलार्मची वायर तशीच काढलेली आहे. जया काल पाळीवर गेली, आजही जाईल.

आत्यानं माझ्या चपला लपवल्यात. प्रेमानं लपवल्यात, म्हणून मागताही येत नाहीत.

मी इथे सुखरूप आहे. लोभ थोडा कमी करावा, ही विनंती.

वल्लरी