ड्रॉपचं वर्ष

२० जून १९९६

पुन्हा तेच! दूध आणायला खाली उतरले तर शेजारच्या हंसाबेन जिन्यातच. "मोहना, हमणां शुं करे छे?" हल्ली काय करतेस म्हणे! म्हटलं, "ड्रॉप लीधो छे." त्यांनी मान अशी हलवली की आमच्याकडे कुणी गेलंय वाटावं.

मार्चमध्ये बारावी सायन्सचा एकही पेपर न देता मी घरात आहे. बाबांचं म्हणणं — डॉक्टर व्हायचं तर पहिल्याच फटक्यात भरघोस मार्क हवेत. येणार नसतील तर बसायचंच नाही, पुढच्या वर्षी बसायचं. बडोद्यात आमच्या कारेलीबागेत असे ड्रॉपवाले पुष्कळ. सगळ्यांना नेमकी मार्चमध्येच कावीळ होते! मला टायफॉइड झाला होता, म्हणजे सोसायटीला सांगायला. प्रत्यक्षात मी पादरा गावी कुसुममावशीकडे धडधाकट बसून पापड लाटत होते.

८ जुलै

रूपालीचं कॉलेज सुरू झालं. स्कूटीवरून आली, दहा मिनिटं बसली, तीनदा घड्याळ बघितलं. पहिलीपासूनची मैत्रीण! राग आला. तिचा नाही. कुणाचा ते कळत नाही.

२ ऑगस्ट

आईनं अस्मिता मॅडमच्या स्पोकन इंग्लिशला घातलंय. "नुसती येरझाऱ्या घालतेस, फरशी झिजेल." आज मॅडमनी शाळेतून बाहेर पडण्याचे शब्द शिकवले. फिनिश म्हणजे शेवटापर्यंत जाऊन पूर्ण केली. लीव्ह म्हणजे बाहेर पडलो, पूर्ण करून किंवा न करता, कारण कळत नाही. ड्रॉप आउट म्हणजे मधेच आपण होऊन सोडली. एक्स्पेल्ड म्हणजे हाकललं. अमेरिकेत बारावी झाली की ग्रॅज्युएट म्हणतात, आपल्याकडे त्याला आणखी तीन वर्षं घासावी लागतात!

मी विचारलं, "आणि ड्रॉप घेतला तर?"

वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "हे इंग्रजांना सुचलं नाही, मोहना. हे आपल्याकडचंच."

म्हणजे मी शाळेत नाही, शाळेबाहेरही नाही. मग आहे कुठे?

१५ सप्टेंबर

केमिस्ट्री. केमिस्ट्री. पंखा. केमिस्ट्री.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळाला गावातल्याच समा भागातून काका-काकू आले. काकू म्हणाल्या, "यंदा तरी तब्येत सांभाळ हो!" त्यांना सगळं माहीत आहे. मलाही माहीत आहे की त्यांना माहीत आहे. तरी मी "हो काकू" म्हणून चकली पुढे केली.

९ फेब्रुवारी १९९७

ट्यूशनच्या शेवटच्या टेस्टमध्ये एकसष्ट टक्के. बाबांनी पेपर उलटसुलट करून बघितला. मग हळूच म्हणाले, "यंदाही राहू दे. अजून एक वर्ष."

माझा माझ्या कानांवर विश्वासच बसेना. ओरडले! आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. "मला नाही व्हायचं डॉक्टर! एकसष्टला जे मिळेल ते घेईन!" ते चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "थर्ड क्लासचा शिक्का मला जन्मभर पुरलाय, बेटा. तुझ्यावर कमी मार्कांचाही नको." आणि चष्मा पुसत बसले. त्यांची कीव येते आणि कीव आली म्हणून अजून संताप येतो.

आई कोथिंबीर निवडत होती. निवडतच राहिली. तिचाच जास्त राग आला.

१० फेब्रुवारी

मॅडमच्या यादीतलं एकही क्रियापद मला लागू पडत नाही. मला फिनिश हवंय. एकसष्टचं फिनिश. पन्नासचंही चालेल. पण संपू दे!

३ मार्च

हॉलतिकीट आलं. बाबांनी कपाटात ठेवलं. परवा मला पादऱ्याला पाठवणार. यंदा काय झालंय हे अजून ठरलेलं नाही, बहुतेक कावीळ. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे.

६ मार्च, पादरा

मावशीपुढे हॉलतिकीट ठेवलं आणि रडले. म्हटलं, "मावशी, मला परीक्षेला बसायचंय." तिनं पोळपाट माझ्यासमोरून उचलला. "पापड मी लाटते. तू वाच. सकाळची पहिली एस.टी. बडोद्याला वेळेत पोचते."

"आईला सांगू नकोस."

"बरं," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पायऱ्यांवर, गच्चीत, विहिरीपाशी — कुठेच बसवत नाही. बाबांना कळलं तर? कळणारच.

१२ मार्च

फिजिक्स दिलं. एक गणित राहिलं, बाकी सगळं लिहिलं.

पेपरआधी सेंटरच्या गेटवर पोरांची ही गर्दी. कुणी ओळखू नये म्हणून ओढणी तोंडावर घेतली होती. तरी कुणीतरी दंड धरला. आई! हातात स्टीलची वाटी. माझ्या तळहातावर दही-साखर घातली आणि म्हणाली, "जा. बाबांना मी सकाळीच सांगितलंय. ते रिक्षात बसलेत, खाली उतरायचं धाडस होत नाहीये."