तुमच्या वाटची प्रार्थना

अहो,

बाळ गेल्यापासून तुम्ही मला चर्चच्या दारात सोडता आणि हेल्मेटसुद्धा न काढता बाहेर स्कूटरवर बसून राहता. मी आत जाते, म्हणून तुम्हाला वाटतं माझा विश्वास शाबूत आहे. कसला शाबूत? तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटत नव्हता. शेवटी बाकावर शेजारी बसणाऱ्या शिंपीणबाई म्हणाल्या, "तू नुसती बस गं. तुझ्या वाटची प्रार्थना मी करते. प्रभूला चालतं."

आपल्या हातून काहीच होत नसताना तो आपल्याला धरून ठेवतो, तीच कृपा, हे मला त्या बाकावर कळलं. गेल्या रविवारी शब्द परत आले.

हे पत्र तुम्हाला देणार नाही; वाचून केवळ माझ्यासाठी आत याल. बसा बाहेरच. तुमच्या वाटची प्रार्थना मी करते. हेल्मेट मात्र काढत जा. रडलेलं दिसलं तरी प्रभूला चालतं.

आत बसलेली,
तुमचीच