फुगणाऱ्या पाण्याची टाकी

३ नोव्हेंबर
आली — इथल्या थंडीत घर उबवणाऱ्या नव्या बॉयलरला जोडायची टाकी, आठ लिटरची, साडेचारशे. मजुरी साठ.
मी विचारलं, आणखी टाकी कशाला? मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तापलं की पाणी फुगतं. नळ्या सगळ्या बंद. वाढलेलं पाणी जाणार कुठे? या टाकीत निम्मी हवा आहे, ती दबते नि जागा देते." पाणी फुगतं! मॅट्रिक झाले, पण हे कुणी दाखवलं नाही.

६ नोव्हेंबर
बॉयलरची सुरक्षा-झडप, दाब वाढला की पाणी सोडणारी, सारखी गळते. जपाला बसले तर माळ टपटपीच्या तालावर! सासूबाई म्हणतात, "देवाचं नाव घेतेस की थेंब मोजतेस?"
हे म्हणाले, बूच मारून टाकू, फुकटात काम. मिस्त्री ओरडलेच — "भलतंच काय साहेब! बॉयलर फुटेल घरासकट!"
मग गळते का? त्यांनाही सांगता येईना.

७ नोव्हेंबर
तांब्यात लिटरभर गार पाणी काठोकाठ भरलं. मंद आचेवर ठेवून वर येईल ते चमच्याने काढत गेले. उकळायच्या आत दोन मोठे चमचे! ह्यांना हाक मारून दाखवलं. "पाणी सांडल्याचा एवढा आनंद?"

९ नोव्हेंबर
लिटरमागे दोन मोठे चमचे, म्हणजे तीसेक मिलिलिटर; पण घरात पाणी एकूण किती? मिस्त्रींनी नुसता बॉयलर धरला — साठ लिटर. आणि बॉयलरचं गरम पाणी ज्यांतून फिरतं, ते खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर? ते काय कोरडे आहेत?
आज सगळं पाणी सोडायला लावलं, मी बादली घेऊन मोरीत बसले. तीनशे लिटर भरलं! म्हणजे फुगणार नऊएक लिटर, आणि टाकीच मुळी आठची, त्यातही निम्मी हवा. बिचारी झडप गळेल नाही तर काय करील?
मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "रेडिएटर धरायचे राहिलेच की हो, वहिनी." चोवीसची टाकी सांगितली. आठची परत घेतायत. देव पावला.

१५ नोव्हेंबर
नवी टाकी बसली. झडप कोरडी ठणठणीत.

१८ नोव्हेंबर
धाकट्या बहिणीचं पत्र — "ताई, आमच्याकडेही बॉयलर बसवला. झडप फार गळायची, ह्यांनी घट्ट बूच मारलं. आता थेंब नाही! बाळाची खोली छान उबदार असते."
हात धुतले नाहीत, तशीच तारघरात गेले. "बॉयलर विझवा. बूच काढा." मागोमाग पत्रही टाकलं — कारण सविस्तर नंतर सांगेन, बाई. बाळ नि तुम्ही सुखरूप आहात, एवढी एक ओळ उलट टपाली कळव.