मीटरचे आकडे

माय, सौंसरची खोली आपण सोडली, त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधीच धड बोलले नाही. पंच्याऐंशी साल असावं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. तुला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आयाची नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. मेटॅडोरमध्ये अर्धं सामान चढलं आणि घरमालक दारात आडवा उभा राहिला. "पान्याची बाकी भर, मंगच बाकीचं हलव." बाकी आपली नव्हतीच. आपल्या आधीचा भाडेकरू नळाचं न भरताच मोहगावला निघून गेला होता. पण मालक म्हणे, "नळ घराचा आहे. जो राहीन तो भरीन." रक्कम तुझ्या नव्या नोकरीच्या दोन पगारांहून जास्त होती.

शेजारणी ओट्यावर आल्या. मी सहावीत होते, लाजेनं मेले. तुझा पदर ओढून म्हटलं, "माय, देऊन टाक न. लोक पाहून राहिले." तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पदर सोडला. "पाहू दे. आपलं पानी आपन भरलं. दुसऱ्याचं कायले भरू?"

तू पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढलास आणि मला हाताला धरून थेट नगरपालिकेत नेलंस. बाबूनं रजिस्टर न उघडताच कचेरीच्या हिंदीत सांगितलं, "घर पर बाकी है, बाई." तू कागद माझ्या हातात दिलास. आपण राहायला आलो त्याच दिवशी तू मला नळाच्या मीटरपुढे बसवून त्यातले आकडे लिहायला लावले होतेस. खाली मालकाची सही घेतली होतीस. त्यानं हसत हसत केली होती. अक्षर माझं, चौथीतलं, वाकडं. तुला वाचता येत नव्हतं, पण हा कागद लागेल हे तुला कसं कळलं असेल?

मी वाचते आहे. "जोरानं वाच," तू म्हणतेस. रांगेतली माणसं वळून पाहतात. बाबू आता रजिस्टर उघडतो, त्याचं बोट ओळींवरून सरकत एका आकड्यावर थांबतं. सगळी बाकी त्याच्या आधीची. "बाई," तो एकदम मराठीत बोलतो, "हे तं तुमचं नाहीच." आणि तुझ्याकडे काही बाकी नाही असं लिहून शिक्का मारून देतो.

घरी आल्यावर मालकानं तो कागद दोनदा वाचला. तू एक शब्द वाकडा बोलली नाहीस. फक्त म्हणालीस, "भाऊ, उखळ भारी आहे, जरा हात लावा." आणि माय, त्यानं लावला! सगळ्या शेजारणींसमोर त्यानं आपलं उखळ मेटॅडोरमध्ये चढवलं. मी पुढे तुझ्या मांडीवर बसून पांढुर्ण्यापर्यंत ताठ मानेनं गेले.

पुढे इथं पांढुर्ण्यात स्वतःचं घर झालं. नळाचा अर्ज भरताना इथल्या बाबूनं विचारलं, "मालकाचं नाव?" तू म्हणालीस, "माह्यंच लिवा." बिल अजून तुझ्याच नावानं येतं. परवा नगरपालिकेच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मृत्यूचा दाखला आणा, नाव बदलवून घ्या." मी सांगितलं, दाखला सापडत नाही.

कपाटात वरच्याच खणात आहे.