समुद्र मध्यम राहील

विलेपार्ले, १४ ऑक्टोबर

ती. बाळादादास सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी लेक गार्गी बँकेत जाता जाता तुझं पत्र देऊन गेली. तिनेच तुला आपल्या घरच्या ग्रुपवरून काढलं आणि आता भांडुपहून तुझी पत्रं तीच पोचवते. केल्याची फेड इतक्या लवकर होताना मी पहिल्यांदाच पाहिली. तिचाही दोष नाही म्हणा. लोक शुभ सकाळ म्हणून गुलाबाची फुलं पाठवतात, तू अरबी समुद्राचे नकाशे पाठवायचास. गोरेगावच्या आत्याने तो जांभळा गोळा तुझ्या पोटाचा रिपोर्ट समजून मला रडत फोन केला होता.

आता फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा पत्रांचा थाट. मान्य, तू आयुष्यभर जहाजावर होतास. पण होतास इंजिनरूममध्ये, पाण्याच्या खाली. समुद्र तू रजेवर आलास की जुहूला जाऊन बघायचास. तेव्हा लाटांबद्दल मला जरा बेतानेच शिकव.

आमच्या चिरंजीवांचा परवा मेसेज आला. दक्षिण आफ्रिकेत कोळसा भरून सर्वेशचं जहाज निघालंय. गुजरातला तो उतरवला की त्याची सुट्टी. चकलीची भाजणी दळून ठेवली आहे. बारावीनंतर त्याला कॉमर्सला घालत होते, तर तूच मध्ये पडलास. जहाजावर गेला की पोरगा माणूस होतो म्हणालास. होऊन येतोय तुझा माणूस, बघू.

कळावे. लोभ असू दे, सल्ले कमी असू देत.
तुझी सुलक्षणा

भांडुप, १६ ऑक्टोबर

चि. सुलक्षणास बाळादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. जिभेचं पाणी अजून उतरलेलं नाही हे वाचून तब्येत ठीक असल्याची खात्री पटली. इंजिनरूममधल्या माणसाला समुद्र दिसत नाही हे खरं. त्याला तो पायाखाली कळतो. वरचे साहेब दुर्बिणी लावून बघत बसतात आणि चहाचा कप आधी आमचा पडतो.

हवामान खात्याचं समुद्राचं पत्रक मी रोज वाचतो. अरबी समुद्रात खाली केरळच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र झालंय. ते वायव्येकडे सरकेल म्हणतात. सर्वेशचं जहाज अजून विषुववृत्ताच्या खाली असेल, त्यामुळे तू काळजी करू नकोस. ते काम मी करतो, मला तेवढाच उद्योग.

काल संध्याकाळी देवापुढे नारळ ठेवून त्याच्या नावाने गाऱ्हाणंही घातलं. देव आपला वेंगुर्ल्याचा, त्याला आफ्रिका कुठली माहीत! म्हणून अक्षांश-रेखांश सांगितले. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला मागून व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं. गार्गी मोबाइलमधून मान न उचलता एकदा म्हणाली. देवाला एवढं चालतं की नाही, माहीत नाही.

कळावे. भाजणीतून माझा वाटा काढून लोभ करावा.
बाळादादा

विलेपार्ले, १९ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कमी दाबाचं चक्रीवादळ झालं, अभिनंदन. टीव्हीवरची मुलगी जुहूच्या वाळूत रेनकोट घालून वादळाशी झुंजत होती आणि तिच्या मागे एक माणूस निवांत भेळ खात उभा होता. मुंबईला धोका नाही असं तिने शेवटी सांगितलं. तिचा फार हिरमोड झालेला दिसला.

दादा, सर्वेशचा मेसेज नाही. मी पाठवलेल्यावर एकच टिक आहे. कंपनीच्या ऑफिसात फोन लावला तर तिथल्या बाईंनी जहाज वादळापासून दूर जात असल्याचं सांगितलं आणि मॅडम रिलॅक्स म्हणाल्या. रिलॅक्स व्हायला मी काय पार्लरमध्ये बसले आहे?

टीव्ही बंद केलाय. मोबाइलवरचे नकाशे मला कळत नाहीत आणि कळले तर जास्तच वाईट. तू रोज ते पत्रक माझ्यासाठी उतरवून गार्गीबरोबर पाठव. जसं आहे तसं. तुझी टिप्पणी नको.

कळावे, उद्या नक्की पाठव.
सुलक्षणा

भांडुप, २० ऑक्टोबर

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

मागितलंस तसं उतरवून देतो. पश्चिममध्य अरबी समुद्र. वादळ वायव्येकडे सरकत आहे. वाऱ्याचा वेग साधारण. समुद्र मध्यम राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

बघ, घाबरण्यासारखं काही नाही. वादळात अँटेना बिघडतात, आमच्या वेळी तर तीन-तीन आठवडे कोणाचा पत्ता नसायचा आणि तुम्ही बायका सुखाने झोपायचात. जेवत जा. चकल्या करायला घे, पोरगा दारात उभा राहील तेव्हा तळत बसशील काय?

कळावे. लोभ आहे, म्हणूनच रागावतो.
बाळादादा

विलेपार्ले, २१ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

समुद्र मध्यम आणि मच्छीमारांनी जाऊ नये? का रे, त्यांना दिवाळीची सुट्टी लागली का? मधली वाक्यं बदललीस आणि शेवटचं सवयीने जसंच्या तसं उतरवलंस. खोटं बोलायची अक्कल तुला कधीच नव्हती. लहानपणीही गूळ खाऊन तोंड पुसायचास आणि हात विसरायचास.

शिवाय मी पार्ल्याच्या बाजारात जाते. सुंदराबाई कोळणीच्या पाटीत या आठवड्यात सुकटीशिवाय काही नाही. वेसाव्याच्या सगळ्या होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्यात, एकही बाहेर नाही म्हणाली. मुंबईला धोका नसताना एवढं, तर तिथे मधोमध काय असेल?

तू का बदललंस ते कळलं. तूच त्याला पाठवलंस आणि आता तुझ्याच हातून ते शब्द लिहवेनात. मी काही तुला दोष देणार नाही. पण मला भीती वाटते, दादा. त्याच्या खोलीत जाऊन बसते आणि परत येते. काल देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभी राहिले तर पुढचे शब्दच आठवेनात.

खरं पत्रक पाठव. काय असेल ते.
सुलक्षणा

भांडुप, २६ ऑक्टोबर

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

सर्वेशचा तुला फोन आला, मलाही आला. मी मस्त आहे असं दोघांनाही ओरडून सांगितलं त्याने. सोबत त्याचं पत्र ठेवतोय. बंदरातून कुरियरने आलं. तुला दाखवू नको म्हणून बजावलंय. पण एकदा समुद्र मध्यम लिहून बसलो, पुन्हा तसलं काम माझ्याने होणार नाही.

बसून वाच.
बाळादादा

कांडला, २४ ऑक्टोबर

ती. मामास सर्वेशचा शि. सा. न.

मामा, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आईसमोर बोलवत नाही, म्हणून लिहितोय. वादळ चुकवायला कप्तानाने रस्ता बदलला होता, तरी लाटांनी गाठायचं ते गाठलंच. अँटेना गेली. मग डोलून डोलून टाकीच्या तळचा गाळ वर आला, तेलाचे फिल्टर तुंबले आणि इंजिन बंद पडलं. जहाज लाटांना आडवं झालं. खाली इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तुला माहीत असेल.

आम्ही फिल्टर काढून साफ करत होतो. साफ केला की पुन्हा तुंबायचा. माझे हात इतके थरथरत होते की बोल्ट बसेना. चीफ इंजिनिअरनी माझा हात धरून तो बसवला. मी रडत होतो, मामा. आई आई म्हणत होतो. कोणी हसलं नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा चीफही रडले.

मी घाबरट आहे का? तुला कधी असं झालं होतं का? आईला सांगू नकोस, ती परत जाऊ देणार नाही. आणि मला जायचंय.

तुझा लोभ राहू दे.
सर्वेश

विलेपार्ले, २९ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझा माणूस काल घरी पोचला. चकल्यांचा डबा अर्धा रिकामा करून झोपलाय. वजन उतरलंय, दाढी वाढवलीय, एकंदरीत कॉमर्सला गेला असता तर बरा दिसला असता.

पत्र वाचल्याचं मी लपवणार होते. पण जेवताना वाटी उचलली तर त्याचा हात थरथरला आणि मी तो धरला. मग त्याने सगळं स्वतःच सांगितलं, आई आई म्हणून हाक मारली तेही. पुढचं जहाज फेब्रुवारीत आहे म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नको हा शब्द अगदी ओठांवर होता, दादा. पण नको म्हटलं असतं तर पुढच्या वेळी त्याने मला मस्त आहे एवढंच सांगितलं असतं, जन्मभर. मी जा म्हटलं.

आता माझं ऐक. फेब्रुवारीपासून ते पत्रक एकटीने वाचणं मला जमणार नाही आणि तू लिहून पाठवलंस तर तुझ्यावर माझा विश्वास नाही. आतली खोली रिकामी आहे. गार्गीलाही बँक इथून चालत जाण्याएवढी जवळ पडेल. सामान बांध आणि पार्ल्याला राहायला ये. रोज समोर बसून वाच. समुद्र खवळलेला असेल तर खवळलेला वाच. मी व्हय म्हाराजा म्हणेन.

कळावे. लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता स्वतः घेऊन ये.
तुझी सुलक्षणा