मिल्चोचा नामदिवस

सोमवार, १० मार्च २००३

आदरणीय आसेनकाका,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही ते उघडलंत, त्याबद्दल आभार. बुर्गासला बहिणीकडे तुमचं बरं चाललं असेल, समुद्राच्या वाऱ्यानं उजवा खांदा धरत नसेल, अशी आशा करते. इथे अजून बर्फ आहे, पण आता नुसता चिखल.

आमचंही बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते, बरं आहे. आई दोन घास खाते. मी शिवणखान्यात जाते. ग्रीक मालकानं दिवसाला शिवायच्या शर्टांच्या कॉलर वाढवून ठेवल्यात. लघवीला जायचं तरी मुकादम बाई हात वर करायला लावते, शाळेतल्यासारखा. पोहण्याचा तलाव बंद आहे. बॉयलर बिघडला असं कार्यालय सांगतं. वॉचमन स्तोइल म्हणतो, "कामेनोव होता तेव्हा बॉयलर शिव्यांवर चालायचा. आता शिव्या घालायला आहे कोण?" त्याला तुमची आठवण येते. मोठ्यानं म्हणायची मात्र गावात सोय नाही.

मिल्चोचा चाळिसावा दिवस झाला. त्याच्या मरणाची खबर देणारा फोटोचा कागद पुन्हा खांबाखांबावर लागला, बेकरीच्या दारावर लागला, तलावाच्या दारावरही. मीच डिंकाचा डबा घेऊन फिरले. फोटो तुम्ही काढलेला, दोनशे मीटर बटरफ्लाय जिंकल्यावरचा, टोपी काढल्यामुळे केस उभे राहिलेले. कबरीवर उकडलेले गहू वाटले. लोकांनी मूठभर गहू खाल्ले, देव त्याला क्षमा करो म्हणाले आणि मग तुमच्या नावानं बोटं मोडली.

दफनाच्या दिवशी मामानं तुम्हाला फाटकाशीच धक्का मारला, आई तुमच्या बुटांवर थुंकली. तुम्ही आणलेलं फुलांचं चक्र मामानं भिंतीपलीकडे फेकलं. मी चार पावलांवर उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हातमोज्याचं बटण लावत बसले.

येत्या गुरुवारी दहा वाजता जिल्हा क्रीडा कार्यालयात तुमची सुनावणी आहे. तक्रार आईची, "प्रशिक्षक कामेनोव यांनी माझ्या मुलाच्या हृदयाबद्दल आम्हाला काहीही कळवलं नाही." खाली आईची सही, तिच्याखाली माझी. तुम्ही जबाबात म्हटलंत की पाच जानेवारीच्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी फोन करून सगळं सांगितलं होतं. आम्ही दोघींनी लिहून दिलं की असा फोन आलाच नाही. तुमचं लायसन्स जाणार, सदतीस वर्षांचं काम जाणार, आणि पोराला मारलं हा डाग जन्मभर राहणार. हे सगळं एका फोनवर अडलंय.

त्या फोनबद्दलच लिहायचंय. पण आधी दुसरं सांगते. जीभ तिकडे वळायला वेळ घेतेय.

मिल्चो अकरा वर्षांचा असताना आई त्याला तुमच्याकडे घेऊन आली. तिनं सांगितलं, "याचे सांधे दुखायचे, कोमट पाण्यात जरा पाय मोकळे होतील." तुम्ही विचारलंत, बाकी काही? ती म्हणाली, घसा, लहानपणी सगळ्यांचा असतो तसा. मी तिथेच होते, अठरा वर्षांची घोडी. तुम्हाला कुणी खरं सांगितलं नाही. त्याला संधिवाताचा ताप झाला होता, काका. आधी घसा, मग गुडघे भोपळ्याएवढे, मग ताप हृदयात उतरला. अकरा महिने तो अंथरुणात होता. प्लोवदिवच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झडप दुखावली आहे, जन्मभर जपा, दर महिन्याला पेनिसिलिन द्या. तो कागद आईनं चुलीत घातला. का, ते ऐका.

त्या आजारपणातल्या जानेवारीत, सहा तारखेला, क्रूसाच्या दिवशी, बाबांनी तुंजा नदीत उडी मारली. बाबांना पोहता येत नव्हतं हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांना बुडता हंडा म्हणायचात. पाद्रींनी क्रूस टाकला आणि बाबा कपड्यांसकट धप्पकन आत. बाकीचे पंधरा-वीस पुरुष पाण्यात होते. पोर अंथरुणाला खिळलंय एवढंच त्यांना ठाऊक होतं, हृदयाचं नाही. एकानंही हात पुढे केला नाही. सगळे बाजूला झाले आणि बाबा गटांगळ्या खात क्रूसापर्यंत पोचले. त्यांनी तो थेट घरी आणून मिल्चोच्या छातीवर ठेवला, नदीचं पाणी त्याला पाजलं. ईस्टरला तो पोर चालत देवळात गेला. इंजेक्शनं चालूच होती म्हणा. पण आईला विचारा, तिचं एकच, "सुयांनी नाही, क्रूसानं उठवला." जो क्रूस काढेल तो वर्षभर ठणठणीत, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आमच्या घरात ते नुसतं बोलणं नव्हतं. आम्ही ते बघितलं होतं.

म्हणून ऑक्टोबरात तुम्ही त्याला संघातून काढलंत तेव्हा आईनं आकाशपाताळ एक केलं. सरावानंतर त्याचे ओठ निळे पडले, हृदय तपासल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, असं तुम्ही म्हणालात. आई गावभर म्हणत सुटली, "कारखानदाराच्या पोराला जागा हवी होती, कामेनोवनं खिसा गरम केला." गावाला तेवढंच पाहिजे होतं. बाबा असते तर गप्प बसवलं असतं तिला. मी नाही बसवलं. मीही म्हटलं. शिवणखान्यात, चार जणींसमोर.

मिल्चो त्या तीन महिन्यांत कसा झाला होता ते तुम्ही पाहिलं नाहीत. दुपारी दोनला उठायचा. दाढी नाही, बोलणं नाही. एकोणीस वर्षांचं पोर, पण चाल म्हाताऱ्याची. लोक विचारायचे, "काय चॅम्पियन, पाणी आटलं का?" आणि मग डिसेंबरात कुणीतरी बेकरीसमोर त्याला डिवचलं, पूर्ण नाव घेऊन, "क्रूसाचा दिवस म्हणजे नामदिवस तुझा, बोगोमिल. उतरतोस नदीत, की कामेनोवची चिठ्ठी आणतोस?" त्या दिवशी तो घरी आला तो दाढी करूनच. म्हणाला, "क्रूस मी काढणार. काढणार आणि नेऊन सरांच्या हातात ठेवणार. म्हणणार, घ्या, तपासा माझं हृदय." आई रडली, आनंदानं.

आता फोन.

पाच जानेवारी, धुपाची संध्याकाळ. जेवण संपेपर्यंत आईशिवाय कुणी जागेवरून उठायचं नाही, उठलं तर वर्षात घरातलं माणूस जातं. तुमच्याही घरी हेच असणार. आईनं टेबलाला धूप दाखवला होता. घेवडा होता, भात भरलेल्या सुक्या मिरच्या होत्या, भाकरीतलं नाणं मिल्चोला निघालं होतं. तेवढ्यात ओसरीतला फोन वाजला. वाजतच राहिला. आई डोळे वटारून बघत होती, तरी मी उठले.

तुम्ही सोफियाहून बोलत होतात. ऑक्टोबरातल्या तपासणीचा डॉक्टरांचा कागद आत्ता कुठे हातात आला होता. तुम्ही म्हणालात, "झिवका, झडप पार गेलीय. ऑपरेशन लागेल. मी परवा येऊन नीट सांगतो, खिंड बर्फानं बंद आहे. पण उद्या त्याला नदीत उतरू देऊ नकोस. गार पाण्यानं जागच्या जागी जाईल. त्याला फोन दे." आणि मी तुम्हाला म्हणाले, तो घरी नाही. तुम्ही म्हणालात, "मग तू सांग. शपथ घे." मी म्हणाले, "सांगते."

पहिले काही दिवस मी स्वतःला बजावत होते की गडबडीत विसरले. विसरले कसली! मग म्हणत होते, तुम्ही खोटं बोलताय असं वाटलं. तेही नाही. मला तुमचा शब्दन्‌शब्द खरा वाटला होता, काका. तुमचा आवाज कापत होता.

तो घरात होता. माझ्यापासून दहा पावलांवर, दार उघडं होतं. नाणं दातात धरून आईला चिडवत होता, "बघ म्हातारे, यंदा मी श्रीमंत, तुला नवी कवळी घेतो." आई हसत होती. तीन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला होता. मला वाटलं, आज नको. मला वाटलं, एक दिवस, नुसता उद्याचा एक दिवस त्याला पूर्वीचा मिल्चो होऊ दे, परवा तुम्ही येणारच आहात. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरं होतं, ते लिहायला हात उचलत नाही पण लिहिते. मला वाटलं, क्रूस निघाला तर झडपही बरी होईल. ज्या पाण्यानं त्याला उठवलं ते पाणी त्याला कसं मारेल? शिकलेली बाई मी, अकरावी पास. तुमच्या कागदावर विश्वास होता आणि नदीवर त्याहून जास्त होता.

मी टेबलाशी परत आले. आईनं विचारलं, "कोण?" मी म्हणाले, चुकीचा नंबर.

दुसऱ्या दिवसाचं तुम्ही दुसऱ्यांकडून ऐकलंत. माझ्याकडून ऐका. त्यानं नऊ हात मारले, मी मोजले. इतर सगळे लांब मागे. क्रूस धरला, वर केला, पुलावरून टाळ्या, डफ, आरडाओरडा. मग हात हळूहळू खाली गेला. लोकांना वाटलं बुडी मारतोय, मस्करी करतोय. लोक हसत होते आणि टाळ्या वाजवत होते. मी ओरडले नाही. काय ओरडणार होते? मला ठाऊक होतं, त्या पुलावर एकटीला मलाच ठाऊक होतं. बाहेर काढला तेव्हा क्रूस मुठीतच होता. पाद्रींना बोटं एकेक करून उघडावी लागली.

असं मी कालपर्यंत समजत होते, की एकटीला.

काल क्षमेचा रविवार झाला. धाकट्यानं मोठ्यापुढे वाकायचं, मोठ्यानं "देव क्षमा करो, माझ्याकडून क्षमा आहे" म्हणायचं. मी आईचा हात धरला, कपाळाला लावला आणि म्हटलं, "आई, क्षमा कर. त्या संध्याकाळी फोन कामेनोवचा होता."

ती हलव्याच्या ताटलीवरचा रुमाल नीट करत म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी काय बहिरी आहे? 'घरी नाही' म्हणालीस. 'सांगते' म्हणालीस. गाव सगळं जेवायला बसलेलं. असल्या वेळी तो एकटाच मेला फोन करणार."

"मग तू का नाही विचारलंस?"

"विचारलं. तू म्हणालीस, चुकीचा नंबर." मग म्हणाली, "मला तेच ऐकायचं होतं."

मी म्हटलं, गुरुवारी मी खरं सांगणार. तक्रार मागे घे, आपण दोघी जाऊ. काका, तिनं वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मागे घेऊ? आणि मग रात्रंदिवस शिव्या कुणाला घालू? तुला? मला? तो परका आहे, त्याला सोसेल. तू जाणार असशील तर जा, पण परत या घरात येऊ नकोस." क्षमेचं उत्तर तिनं दिलं नाही. मीही पुन्हा मागितलं नाही. तिच्या जागी मी असते तर माझ्याही तोंडून ते निघालं नसतं.

मी बॅग भरून शिवणखान्यातल्या पेत्रानाकडे आले. तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. आज सकाळी क्रीडा कार्यालयात जाऊन जबाब दिला, वर लिहिलाय तसाच, चुकीच्या नंबरासकट. कारकुनानं दोनदा विचारलं, "बाई, नक्की? गावात राहायचंय ना तुम्हाला?" मी म्हटलं, शिक्का मारा. नक्कल सोबत जोडली आहे. आईनं ऐकलं होतं हे त्यात लिहिलेलं नाही. ते फक्त तुम्हाला सांगितलंय. वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तिला आणखी नागवं करणार नाही.

गुरुवारी मी तिथे असेन. तुम्ही या. माझ्याकडे बघू नका हवं तर, पण या आणि मान वर करून बसा. मामा असेल, गाव असेल. त्यांच्या समोरच बोलेन.

रीतीप्रमाणे मी तुमच्यापुढेही वाकायला हवं. पण मी वाकले की तुम्हाला "माझ्याकडून क्षमा आहे" म्हणावंच लागेल. तुम्ही रीत मोडणारे नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही. म्हणून मी क्षमा मागत नाही, काका. कधीच मागणार नाही. एवढी एक गोष्ट तरी तुमच्याकडून जबरदस्तीनं घेतली नाही, असं राहू दे.

सांगते म्हणून न सांगणारी,
झिवका